सर्व्हरवर ओपीएनसेन्स चढवण्याआधी दुपारीच करायची तयारी

रात्री अकराला ऑफिसचं नेट बंद करून जुन्या रॅक सर्व्हरवर ओपीएनसेन्स (फायरवॉलची ऑपरेटिंग सिस्टिम) चढवायला बसणार असाल, तर तयारी दुपारीच उरका. रात्री स्क्रीन एका ओळीवर थिजली की गुगल करावंसं वाटतं, आणि नेट तर आपणच बंद केलेलं असतं. मोबाइलचा हॉटस्पॉट सर्व्हर रूमच्या भिंतींतून पोचेलच असं नाही, म्हणून तोही दुपारीच तपासा.

सुरुवात इमेजपासून, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या तयार फाइलपासून. ओपीएनसेन्सच्या चार इमेज मिळतात: डीव्हीडी, व्हीजीए, सिरियल आणि नॅनो. मॉनिटर आणि पेन ड्राइव्ह असेल तर व्हीजीए घ्या. आयड्रॅक किंवा आयएलओमधून (सर्व्हर दुरून हाताळायच्या सोयी) आयएसओ जोडणार असाल तर डीव्हीडी. मी एकदा घाईत सिरियल उतरवली होती. लोडरचा मेनू छान दिसला, दोन-चार ओळी आल्या आणि पुढे सगळं गप्प. दोन तास मी रॅमच्या पट्ट्या काढून घालत बसलो. मशीन मात्र सिरियल पोर्टवर सगळं बडबडत होतं, ऐकायला तिकडे कोणी नव्हतं. तेव्हापासून पेन ड्राइव्हवर चिठ्ठी चिकटवून इमेजचं नाव लिहितो. डाउनलोड झाल्यावर चेकसम (फाइल नीट उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवा, बीझेड२ फाइल उलगडूनच लिहा, आणि दुसऱ्या कंपनीचा एक जादा पेन ड्राइव्ह तयार ठेवा.

एक सिरियल केबल आणि यूएसबी कन्व्हर्टर बॅगेत असू द्या. वेग ११५२००. सुपरमायक्रोच्या बोर्डांवर रिमोट सिरियल बहुधा दुसऱ्या कॉम पोर्टवर असतो, हे माहीत असलेलं बरं.

बायोसमध्ये सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टिम रोखणारी सेटिंग) बंद करा. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडीवर उभं आहे, तिथे ते चालू ठेवून भागत नाही. बूटची पद्धत यूईएफआय की लेगसी हे एकदाच ठरवा आणि वहीत लिहा. मध्यरात्री तिसऱ्यांदा बदलताना आधी काय होतं ते आठवत नाही.

आता डिस्क. खरा वेळ इथेच जातो. रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र जोडणारं कार्ड) एचबीए मोडमध्ये, म्हणजे डिस्क जशाच्या तशा पुढे देणाऱ्या मोडमध्ये, जातं का ते पाहा. जात असेल तर झेडएफएस ही फाइल सिस्टिम घ्या, कारण त्याला डिस्क थेट हव्या असतात. नसेल जात, तर कार्डावरच व्हर्च्युअल डिस्क बनवा आणि यूएफएस या साध्या फाइल सिस्टिमवर समाधान माना. सेकंड हँड डिस्कवर जुन्या रेडच्या किंवा झेडएफएसच्या खुणा उरलेल्या असतात आणि इन्स्टॉलर नेमका त्यांवर अडखळतो. त्या दुपारीच पुसून टाका. पण पुसण्याआधी डिस्कचा सिरियल नंबर दोनदा वाचा.

बूट होताना ‘माउंटरूट’ असा प्रॉम्प्ट येऊन एरर १९ दिसली, तर इन्स्टॉलेशन बिघडलेलं नाही. कर्नलला पेन ड्राइव्ह वेळेत सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आधी यूएसबी २ च्या पोर्टात घालून पाहा. तरी नाही झालं, तर लोडरच्या मेनूत ३ दाबून प्रॉम्प्टवर जा आणि बूट डिले वाढवा. फोनवर सांगतात तसं सांगायचं तर: सेट, मग कर्न डॉट कॅम डॉट बूट अंडरस्कोर डिले, बरोबर १००००. आकडा मिलिसेकंदांत आहे, म्हणजे दहा सेकंद. ही ओळ कागदावर लिहून नेली तर टाइप करताना चुकत नाही. (कर्नमध्ये ‘एल’ नाही!)

अडकलंय असं म्हणण्याआधी मशीन थांबलंय की नुसता पडदा, हे ओळखायची सोय हाताशी हवी. त्यासाठी लॅपटॉप आणि एक लॅन केबल पुरते. पेन ड्राइव्हवरून उठलेलं ओपीएनसेन्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालतं आणि लॅनवर १९२.१६८.१.१ हा पत्ता धरतं. सर्व्हरला चार पोर्ट असतील तर एकेकात केबल लावून लॅपटॉपला आयपी मिळतो का पाहा. मिळाला, की एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन) ‘इन्स्टॉलर’ या नावाने आत जा. पासवर्ड इंग्रजी लहान अक्षरांत ‘ओपीएनसेन्स’. काळ्या स्क्रीनकडे न बघता पुढचं सगळं इथून होतं. मात्र नेट देणाऱ्या राउटरचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल, तर त्याची केबल तेवढा वेळ काढून ठेवा.

वॅन (बाहेरच्या नेटचा पोर्ट) कॉन्फिगर होतानाही बराच वेळ काही हलत नाही. केबल नसलेल्या पोर्टवर ते डीएचसीपीची, म्हणजे आपोआप पत्ता मिळण्याची, वाट पाहत असतं. घड्याळ लावा, पाच मिनिटं द्या, चहा घ्या. सर्व्हर मुळात सुरू व्हायलाच घरच्या पीसीपेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतो, तेव्हा पॉवर बटणावर बोट ठेवून बसू नका. त्यानंतरही हलला नाही, तर बूट ऑप्शन्समधून व्हर्बोज (सविस्तर संदेश) चालू करून पुन्हा उठवा आणि शेवटच्या दहा ओळींचा फोटो काढा. मदत मागायची वेळ आलीच, तर ‘हँग झालंय’ या वाक्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही, त्या दहा ओळींवरून येतं.

नेटवर्क कार्ड कुठल्या चिपचं आहे तेही टिपून ठेवा. इंटेल असेल तर सहसा निभावतं.

जुन्या फायरवॉलचं कॉन्फिग वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवा. तोही ओपीएनसेन्सच असेल तर ‘कॉन्फ’ नावाच्या फोल्डरमध्ये एक्सएमएल ठेवा, बूटच्या वेळी ते आत घेता येतं. जुन्या बॉक्सच्या केबल्सना काढण्याआधी नंबर लावा आणि तो बॉक्स रॅकमधून उतरवू नका. सकाळी साडेआठपर्यंत नवं उभं राहिलं नाही, तर त्याच केबल्स त्याच नंबरांत परत खोचायच्या आहेत.