पाइप गॅसची गळती : सिलिंडरच्या सवयी सोडा, या चुका टाळा

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांतील असंख्य स्वयंपाकघरांत आता पाइपने नैसर्गिक वायू येतो. गॅसविषयीची आपली सावधगिरी मात्र अजून सिलिंडरच्याच काळातली आहे. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, म्हणून तो गळला की जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. पाइपमधला वायू मुख्यत्वे मिथेन असतो. तो हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा असल्याने वर चढतो आणि छताखाली, माळ्यावर, फॉल्स सीलिंगच्या पोकळीत गोळा होतो. हवेतील त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असताना ठिणगी पडली की भडका उडतो. ‘पाइपचा गॅस हलका असतो, उडून जातो, त्याची काय भीती?’ असे सर्रास ऐकू येते. पण त्याला उडून जायला वाट असेल तरच ते खरे आहे.

वासाकडे दुर्लक्ष करणे

पहिली चूक नाकाच्या बाबतीत होते. मिथेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन वर्गातील उग्र वासाचे रसायन अत्यल्प प्रमाणात मिसळतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन येथील शाळेत १८ मार्च १९३७ रोजी वास नसलेला नैसर्गिक वायू तळघरात साचून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण, त्यांतही बहुतांश मुले, दगावली. त्यानंतर गॅसला वास देण्याची सक्ती तेथे झाली. सडलेल्या कोबीसारखा किंवा नासक्या अंड्यासारखा हा वास आपल्याकडे हमखास ‘मोरीतून येतोय’ किंवा ‘कचऱ्याचा डबा भरलाय’ म्हणून सोडून दिला जातो. त्याहून वाईट म्हणजे तो घालवण्यासाठी उदबत्ती लावली जाते. ज्या धोक्याची सूचना द्यायला हा वास घातला, तीच सूचना दडपायची आणि वर निखाराही पेटवायचा, असा हा दुहेरी अविचार आहे.

नाक सरावते, हेही ध्यानात ठेवावे. तासभर त्याच खोलीत असलेल्या माणसाला वास जाणवेनासा होतो, तर बाहेरून आलेल्याला तो दारातच जाणवतो. त्यामुळे पाहुणा किंवा कामाला येणाऱ्या बाई ‘गॅसचा वास येतोय’ म्हणाल्या, तर ‘मला तर काही येत नाही’ हे उत्तर होऊ शकत नाही. वृद्धांची आणि सर्दी झालेल्यांची घ्राणशक्ती कमी झालेली असते. अशा घरात केवळ नाकावर विसंबून न राहता मिथेन ओळखणारा अलार्म बसवून घ्यावा. तो छताजवळ लावायचा असतो. एलपीजीसाठीचा अलार्म जमिनीजवळ लावतात म्हणून हाही खाली लावला, तर त्याला फार उशिरा जाग येईल.

हात बटणाकडे जाणे

चार दिवस गावी जाऊन रात्री घरी परतलेले कुटुंब डोळ्यांसमोर आणा. दार उघडताच उग्र वास येतो आणि हात आपसूक दिव्याच्या बटणाकडे जातो. सगळ्यांत घातक क्षण हाच. बटण लावताना जशी बारीक ठिणगी पडते तशीच ती बंद करतानाही पडते. म्हणून लागलेला दिवा लागलेलाच आणि बंद असलेला बंदच ठेवावा. गॅस बाहेर फेकायचा म्हणून एक्झॉस्ट पंखा लावणे ही तर चांगल्या हेतूने केलेली आत्मघातकी कृती आहे. चार्जरचा प्लग उपसू नये, लायटर उडवू नये आणि फोन बाहेर जाऊन करावा. शेजाऱ्यांना उठवायचे असेल तर बेल न वाजवता दारावर थाप मारावी आणि खाली उतरताना लिफ्ट टाळून जिन्याने जावे. मेन स्विच घराच्या आत असेल तर त्याला हात लावू नये. मीटररूम तळमजल्यावर, वासापासून दूर असेल, तर तेथून घराचा वीजपुरवठा बंद करता येतो.

आपल्याकडे देवघर पुष्कळदा स्वयंपाकघरातच असते आणि निरांजन किंवा नंदादीप तेवत असतो. वास नुकताच आणि मंद येऊ लागला असेल तर आधी ती ज्योत शांत करावी. वास घरभर कोंदला असेल तर मात्र दिव्यासाठी, दागिन्यांसाठी किंवा मोबाइलसाठीही आत पाऊल टाकू नये. सर्वांना घेऊन बाहेर पडावे.

खिडक्या उघडतानाही एलपीजीची सवय आड येते. गॅस वरच्या बाजूला असल्याने वरची तावदाने, झडपा आणि व्हेंटिलेटर उघडणे अधिक उपयोगाचे ठरते. पण कबुतरे येतात म्हणून एक्झॉस्टच्या भोकावर पुठ्ठा ठोकलेला, बाल्कनी काचांनी बंद केलेली आणि व्हेंटिलेटरवर रंगाचे तीन थर चढलेले, अशी स्वयंपाकघरे घरोघरी दिसतात. गळती झाल्यावर हे उघडत बसायला वेळ नसतो. ती वाट कायमच मोकळी हवी.

कोणता व्हॉल्व्ह आणि कोणता नंबर

शेगडीजवळच्या पाइपवर एक व्हॉल्व्ह असतो आणि मीटरजवळ दुसरा. दांडी पाइपला समांतर असेल तर गॅस चालू आणि पाइपला आडवी असेल तर बंद, एवढे घरातील प्रत्येकाला, अगदी शाळकरी मुलांनाही, दाखवून ठेवलेले असावे. मॉड्युलर किचनच्या हौसेपायी सुतार हा व्हॉल्व्ह ट्रॉलीच्या मागे बंदिस्त करून टाकतो, आणि गरज पडते तेव्हा तो शोधायला मसाल्याचे डबे उपसावे लागतात. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करूनही वास कमी होत नसेल, तर गळती मीटरच्या आधी किंवा शेजारच्या घरात असण्याची शक्यता आहे.

१९०६ हा क्रमांक पुष्कळांच्या लक्षात असतो, पण ती एलपीजीसाठीची आपत्कालीन सेवा आहे. पाइप गॅससाठी प्रत्येक शहरातील वितरक कंपनीचा वेगळा चोवीस तासांचा आपत्कालीन क्रमांक असतो आणि तो बिलावर छापलेला असतो. बिल ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवर स्वयंपाकघरात, अशी स्थिती नको. तो क्रमांक मोबाइलमध्ये आणि सोसायटीच्या फाटकावर असावा. वास तीव्र असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवण्यात संकोच करू नये.

पुरवठा थांबल्यावर बटण तसेच ठेवणे

सिलिंडर संपला की संपला, बदलल्याशिवाय गॅस परत येत नाही. पाइपचे तसे नसते. रस्त्याच्या खोदकामात वाहिनी तुटली किंवा दुरुस्तीसाठी पुरवठा थांबवला की भाजी शिजता शिजता ज्योत विझते. घरातले ‘येईल थोड्या वेळाने’ म्हणून बाहेर निघून जातात आणि शेगडीचे बटण उघडेच राहते. पुरवठा सुरू झाला की त्याच बर्नरमधून न जळलेला गॅस रिकाम्या घरात भरू लागतो. ज्योत आपोआप विझताच बटण आणि व्हॉल्व्ह दोन्ही बंद करण्याची सवय म्हणूनच लावून घ्यायला हवी. दूध उतू जाऊन विझलेल्या बर्नरलाही हेच लागू आहे.

घरगुती दुरुस्ती

गळती कुठे आहे हे पाहण्यासाठी काडी ओढणारे महाभाग अजूनही आहेत. सांध्यावर साबणाचे दाट पाणी लावले की गॅस निसटत असलेल्या जागी बुडबुडे फुगतात. त्यासाठी आगीची मुळीच गरज नाही. मात्र खोलीत वास पसरलेला असताना ही तपासणी करत बसू नये. बुडबुडे दिसले तर व्हॉल्व्ह बंद करून कंपनीला बोलवावे. एमसील थापणे, चिकटपट्टी गुंडाळणे किंवा नळाचे काम करणाऱ्याकडून तांब्याचा पाइप सरकवून घेणे हे उपाय नव्हेत. नूतनीकरणासाठी शेगडी काढली असेल तर नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, पाइपचे तोंड प्लग लावून बंद करून घ्यावे लागते. शेगडीला जोडणारी नारिंगी सुरक्षा नळी दिसायला धडधाकट असली तरी पाच वर्षांनी बदलावी.

अधूनमधून मीटरवरूनही तपासणी करता येते. शेगडी आणि गीझर पूर्ण बंद ठेवून, व्हॉल्व्ह मात्र उघडे ठेवून, दशांशानंतरच्या लाल आकड्यांसह नोंद घ्यावी आणि तासाभराने, मध्ये गॅस न वापरता, पुन्हा पाहावे. आकडा सरकला असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे. आकडा न सरकल्याने मीटरच्या आधीचा पाइप निर्दोष ठरत नाही. तेव्हा मीटर काहीही दाखवो, वास येत असेल तर कंपनीला फोन करावाच.