घरात खरंच ४के दिसायला काय काय लागतं, टीव्ही घ्यायच्या आधी वाचा

पहिली गोष्ट, नेटवरून पिक्चर बघताना ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचं चित्र, नाही मिळालं तर एरर येत नाही. कुठलाही मेसेज नाही, लाल अक्षरं नाहीत, पिक्चर आपला मजेत चालू राहतो, फक्त गुपचूप १०८०पी म्हणजे फुल एचडीवर नाहीतर त्याच्याही खाली उतरतो, आणि चांगल्या टीव्हीवर तेही बऱ्यापैकी छान दिसतं, त्यामुळे लोक वर्षवर्ष ४के समजून एचडी बघत बसतात आणि वर म्हणतात की काय फार फरक नाही बुवा. म्हणून तयारी करताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा, इथे गुपचूप खाली उतरण्याची सोय आहे का? बहुतेक जण सुरुवात टीव्हीपासून करतात आणि मग नेटचा प्लॅन वाढवतात, मी म्हणेन बरोब्बर उलटं करा, जे फुकटात तपासता येतं ते आधी आणि खरेदी सगळ्यात शेवटी.

तर सगळ्यात आधी सबस्क्रिप्शन. नेटफ्लिक्सवर ४के फक्त वरच्या प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं, बाकी अ‍ॅप्सचे नियम वेगवेगळे आहेत आणि ते बदलत असतात, त्यामुळे अकाउंटच्या पानावर जाऊन आपल्या प्लॅनसमोर काय लिहिलंय ते स्वतः वाचा. प्लॅन असला तरी प्रत्येक पिक्चर ४के मध्ये नसतो, डिटेल्सच्या पानावर यूएचडी किंवा ४के असा बिल्ला असतो तो बघायचा, आणि तो बिल्ला बऱ्याचदा ४के चालवू शकणाऱ्या डिव्हाइसवरच दिसतो, म्हणजे मोबाईलवर दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. त्याच अकाउंटच्या सेटिंगमध्ये प्लेबॅक क्वालिटी असते, ती कोणीतरी कधीतरी डेटा वाचवायला लो किंवा मीडियमवर टाकलेली असते आणि सगळे विसरून गेलेले असतात. ती ऑटो किंवा हाय करा. यात एक पैसा जात नाही आणि निम्म्या घरांतला प्रश्न मला वाटतं इथेच सुटेल.

आता नेट. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल, फुल एचडीच्या चौपट, म्हणून लोकांना वाटतं स्पीडही अफाट लागत असणार, पण नाही, व्हिडिओ इतका दाबून पाठवतात की नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस पुरे म्हणतं, यूट्यूब २० म्हणतं, डिस्ने प्लस २५. म्हणजे एका टीव्हीसाठी ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन काही जास्त कुरकुरीत चित्र मिळणार नाहीये. पण हे १५-२५ सलग मिळायला पाहिजेत, टीव्हीपर्यंत पोचायला पाहिजेत, आणि रात्री नऊला मिळायला पाहिजेत जेव्हा आख्खी बिल्डिंग नेटवर असते. दुपारी राऊटरच्या शेजारी मोबाईल धरून केलेल्या स्पीड टेस्टला काही अर्थ नाही. टेस्ट टीव्हीवरच करा, टीव्हीच्या ब्राऊझरमध्ये किंवा अ‍ॅपमध्ये, नेटफ्लिक्सच्या अ‍ॅपमध्ये नेटवर्क तपासायचा ऑप्शन हेल्पमध्ये असतो, आणि बघायच्या वेळेलाच करा. घरात अजून कोण काय करतंय तेही मोजा, दोन टीव्ही म्हणजे सरळ दुप्पट, आणि कोणाचा तरी फोन फोटोंचा बॅकअप वर चढवत असेल तर अपलोडचा रस्ता तुंबला की डाउनलोडही अडखळतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

डेटाची मर्यादा असेल तर हिशोब आधीच करून ठेवा. १५ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १५ मेगाबिट्स, बाईट्स नाहीत, आठने भागा, तासाला जवळपास पावणेसात जीबी होतात. नेटफ्लिक्सही तासाला ७ जीबीपर्यंत धरा म्हणतं. दोन तासांचा पिक्चर म्हणजे १४ जीबी, आणि एका रविवारी आख्खी सिरीज संपवायची सवय असेल तर एफयूपी म्हणजे ती मर्यादा संपून स्पीड पडतो आणि मग महिनाअखेरीला परत तेच, गुपचूप एचडी.

राऊटरपासून टीव्हीपर्यंतचा प्रवास, हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग. जमत असेल तर सरळ लॅन केबल टाका, विषय संपला. साधी कॅट ५ई केबल चालते. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो हे वाचून लोक घाबरतात, पण लागतात २५, मग १०० ला काय झालं? केबल शक्य नसेल तर ५ गिगाहर्ट्झचा वायफाय, कारण २.४ वर शेजारपाजारचे सगळे राऊटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह असे सगळे एकाच बोळात गर्दी करून उभे असतात. ५ मध्ये मोकळं असतं पण भिंतींतून ते कमी जातं, त्यामुळे राऊटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर ठेवायचा नाही, उंचावर आणि उघड्यावर ठेवायचा, दिसायला वाईट दिसला तरी. दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर टीव्ही नक्की कशावर चढलाय ते कळत नाही, अशा वेळी राऊटरमध्ये जाऊन नावं वेगळी केलेली बरी.

मग डिव्हाइस. स्मार्ट टीव्हीतलंच अ‍ॅप वापरणार असाल तर काम सोपं आहे, मधली बरीच लफडी वाचतात. जुना टीव्ही असेल किंवा त्याचं सॉफ्टवेअर रडत चालत असेल तर स्टिक किंवा बॉक्स लागेल, आणि तिथे नुसतं ४के लिहिलेलं बघून चालत नाही. दोन गोष्टी बघायच्या. एक, एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे कोडेक, म्हणजे दाबून पाठवलेला व्हिडिओ उलगडायच्या पद्धती, हार्डवेअरमध्ये हवेत, एव्ही१ असेल तर अजून बरं, पुढे उपयोगी पडेल. दोन, ते अ‍ॅप त्या बॉक्सला अधिकृतपणे ओळखतं का. अँड्रॉइडवर वाईडवाईन एल१ नावाची कॉपी रोखण्याची भानगड असते, ती नसेल तर बॉक्स कितीही दमदार असो, मोठी अ‍ॅप्स त्याला खालच्याच दर्जाचा व्हिडिओ देतात, अनोळखी ब्रँडच्या स्वस्त बॉक्सचं घोडं बहुतेक इथेच अडतं. यूट्यूब झकास ४के चालतंय आणि बाकी सगळं भुरकट, असं दिसलं की हेच समजायचं. स्टिक घेतलीत तर तिला टीव्हीच्या यूएसबीतून करंट देऊ नका, सोबत आलेला अडॅप्टर वापरा, आणि ती छोटी एचडीएमआयची एक्स्टेंशन केबलही वापरा, ती उगाच नसते, पॅनेलच्या मागे चिकटून बसलेल्या स्टिकला वायफाय नीट पकडता येत नाही.

लॅपटॉप टीव्हीला जोडून बघायचा विचार असेल तर जरा थांबा. तिथे ब्राऊझर कोणता, ग्राफिक्स कोणतं, कोडेक आहे का, सगळंच जुळावं लागतं, आणि नेटफ्लिक्सच्या बाबतीत तर जोडलेला प्रत्येक मॉनिटर एचडीसीपी २.२ वाला (ते काय, पुढे सांगतो) पाहिजे, बाजूला एक जुना मॉनिटर लटकलेला असेल तरी ४के गेलं. मोबाईलवरून स्क्रीन मिररिंग करून तर बघूच नका, त्यात फोन आपली स्क्रीन परत दाबून पाठवतो. कास्ट करणं वेगळं, त्यात टीव्ही स्वतः नेटवरून व्हिडिओ ओढतो आणि फोन फक्त रिमोट होतो, ते चालतं.

वर एचडीसीपी म्हटलं ते काय ते सांगतो, कारण बाहेरचा बॉक्स लावणाऱ्यांना हेच सगळ्यात जास्त छळतं. कॉपी होऊ नये म्हणून बॉक्स आणि टीव्ही एकमेकांची ओळख पटवतात, ४के ला त्याची २.२ किंवा वरची आवृत्ती लागते, आणि ती साखळीतल्या प्रत्येक खोक्यात लागते. म्हणजे बॉक्स नवा, टीव्ही नवा, पण मध्ये जुना साउंडबार किंवा रिसीव्हर असेल तर तो एकटा सगळ्यांना १०८०पी वर आणतो. उपाय सोपा आहे, बॉक्स थेट टीव्हीला लावा आणि आवाज टीव्हीतून एआरसी किंवा ईएआरसीने (एचडीएमआयवरून टीव्हीचा आवाज बाहेर देणारी सोय) साउंडबारला द्या. टीव्हीवरचे सगळे एचडीएमआय पोर्टही सारखे नसतात, काही मॉडेलमध्ये एक-दोनच पूर्ण क्षमतेचे असतात, पोर्टजवळची बारीक अक्षरं वाचा, टॉर्च घेऊन वाचा.

केबलवर जास्त बोलण्यासारखं नाही. १८ जीबीपीएसची, पाकिटावर प्रीमियम हाय स्पीड लिहिलेली सर्टिफाईड केबल सेकंदाला ६० फ्रेमच्या ४के ला पुरते, ४८ जीबीपीएसवाली अल्ट्रा हाय स्पीड ही गेमिंगवाल्यांसाठी. सोन्याचा मुलामा वगैरे सोडून द्या. डिजिटल सिग्नल आहे, केबल खराब असेल तर रंग फिके पडत नाहीत, ठिपके चमकतात किंवा स्क्रीन काळी होते.

आणि आता टीव्ही, जो सगळ्यांना आधी घ्यायचा असतो. खोली मोजा आधी. साधारण नजर असलेल्या माणसाला ५५ इंची टीव्हीवर सात फुटांच्या पलीकडून एचडी आणि ४के मधला बारकावा फारसा वेगळा करता येत नाही, ६५ ला हेच अंतर साडेआठ फुटांच्या आसपास जातं. मग सोफा बारा फुटांवर आणि टीव्ही ४३ इंची असेल तर एवढ्या खटाटोपाचा अर्थ काय? अर्थ आहे, पण तो पिक्सेलमध्ये नाही, एचडीआरमध्ये आहे. उजेड-अंधारातला फरक आणि जास्तीचे रंग लांबूनही दिसतात, त्यामुळे दुकानात पिक्सेल मोजण्यापेक्षा पॅनेल किती ब्राईट होतं आणि लोकल डिमिंग (पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करायची सोय) आहे का ते विचारा. एचडीआर सपोर्ट असं नुसतं लिहिलेलं तर फिक्यातल्या फिक्या टीव्हीवरही असतं, त्याला भुलू नका. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ या एचडीआरच्या प्रकारांतलं काय आहे ते तुम्ही वापरता त्या अ‍ॅपशी जुळवून बघा, दोन्ही असलं तर उत्तमच.

घरी आणल्यावर बाहेरचा बॉक्स असेल तर त्या पोर्टचं वाढीव सिग्नलचं सेटिंग चालू करा, सॅमसंगवर त्याला इनपुट सिग्नल प्लस म्हणतात, सोनीवर एन्हान्स्ड फॉरमॅट, एलजीवर डीप कलर, आणि बऱ्याच टीव्हींवर ते मुळात बंदच असतं. शोरूमवाला व्हिव्हिड मोड काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. मोशन स्मूदिंग (हालचाल उगाच गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा, नाहीतर लाखाचा पिक्चर सासू-सुनेच्या मालिकेसारखा दिसतो. क्रिकेट-फुटबॉलला वाटलं तर ठेवा.

तपासायचं कसं तर यूट्यूबवर स्टॅट्स फॉर नर्ड्स चालू केलं की आत्ता कोणतं रिझोल्यूशन येतंय ते आकड्यात दिसतं, बऱ्याच टीव्हींवर रिमोटचं इन्फो बटण दाबलं की बाहेरच्या बॉक्सकडून किती येतंय तेही कळतं, आणि नेटफ्लिक्सवर टेस्ट पॅटर्न्स असं शोधलं तर चाचणीचे व्हिडिओ मिळतात ज्यात कोपऱ्यात रिझोल्यूशन आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा येतोय ते) लिहिलेलं येतं. पहिलं अर्धा-एक मिनिट चित्र भुरकट असणं साहजिक आहे, अ‍ॅप खालून सुरू करून वर चढतं, तेवढं थांबून मग आकडा बघा. सगळं बरोबर असूनही १०८० वरच अडकलं असेल तर टीव्ही आणि बॉक्स दोन्ही प्लगपासून काढा, मिनिटभर थांबा, आधी टीव्ही लावा मग बॉक्स, ती ओळख पटवण्याची भानगड बऱ्याचदा एवढ्यानेच मार्गी लागते.