लिंगाची पुढची कातडी पांढरी, घट्ट होतेय? कारण असं शोधा

कराडला माझं मेडिकल आहे. ‘तिथली’ खाज घेऊन येणारे पुरुष दुकान रिकामं व्हायची वाट बघतात आणि हळूच ट्यूब मागतात. ट्यूबच्या आधी मी काही गोष्टी विचारतो, त्या तुम्ही स्वतःलाच विचारा.

पहिली, शुगर कधी तपासली? लाली, खाज आणि पुसता येणारा दह्यासारखा थर वारंवार येत असेल तर बहुधा बुरशी. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी चालू असेल तर लघवीतून साखर जाते, बुरशीचं फावतं. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

पण थर पुसला जात नसेल, कातडीच पांढरी, चकचकीत झाली असेल, मागे सारताना चिरा पडत असतील, तर लायकेन स्क्लेरोसस या त्वचेच्या आजाराची शंका घ्या. बरेच जण याला कोड समजतात. कोडात रंग जातो, कातडी आवळत नाही.

लायकेन स्क्लेरोसस ‘उष्णतेने’ होत नाही, गरमी-परम्यासारखा लागतही नाही. बायकोवर संशय घेऊ नका. प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटते, असं एक मत आहे. पुरुषांत मात्र मला लघवीचं कारण जास्त पटतं. लघवीनंतर गळणारे थेंब कातडीखाली साचतात, जागा कायम ओली राहते. तान्हेपणीच सुंता झालेल्यांत हा आजार क्वचितच दिसतो. वाढलेलं वजन, घासलं-खरचटलं जाणं यानेही भर पडते.

म्हणून लघवी झाली की अंडकोशामागे बोटांनी दाबत पुढे या, नळीतले थेंब बाहेर येतात. कातडी सहज सरकत असेल तर मागे घेऊन टिपा, आणि आठवणीने पुन्हा पुढे आणा. जबरदस्ती नको, साबण नको, डेटॉल तर अजिबात नको. व्हॅसलीनचा पातळ थर चालतो.

त्वचारोगतज्ज्ञ बहुधा ०.०५ टक्के क्लोबेटासॉलचं मलम देतात. गंमत बघा, तेच स्टिरॉइड दुकानात मागितल्या जाणाऱ्या कित्येक मिक्स ट्यूबांत असतं, आणि बुरशीवर लावलं की ती पसरते. त्यामुळे आधी निदान, मग ट्यूब. मलमाने भागलं नाही तर सुंता करावी लागते. त्याने अनेकांना कायमचा आराम पडतो.

लघवीची धार बारीक झाली किंवा फाटायला लागली तर यूरोलॉजिस्टकडे जा, मूत्रमार्ग आकसत असू शकतो. न भरणारी जखम किंवा टणक गाठ दिसली तर बायोप्सी टाळू नका. थोड्या जणांत तिथे कॅन्सर होतो.