सोसायटीच्या हवेची नोंद ठेवा, मग धूर कमी करा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्यात पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते. वरचा थर तिच्यापेक्षा उबदार असतो, त्यामुळे धुराला वर जायला वाट मिळत नाही. मागच्या गल्लीत पेटवलेल्या पाचोळ्याचा धूर तासन्‌तास खिडकीशी रेंगाळतो तो यामुळे. हवा मोजणारं सरकारी केंद्र काही किलोमीटरवर असतं, त्याला हा धूर कळत नाही. म्हणून स्वतःचं यंत्र लावा. पण धूर कधी आणि कुठून येतो, एवढंच ते दाखवेल. कुणाला दंड करायला त्याचा आकडा पुरत नाही.

सामान थोडंच लागतं: हवेतले कण मोजणारा एसडीएस०११ सेन्सर, आकडे वायफायवरून पाठवणारा नोडएमसीयू बोर्ड, तापमान-आर्द्रतेसाठी बीएमई२८०, कवचासाठी ७५ मिमीचे दोन पीव्हीसी एल्बो, हवा आत घ्यायला ६ मिमी व्यासाची वीतभर नळी आणि मोबाइलचा जुना चार्जर. सेन्सरची टीएक्स (आकडे पाठवणारी) पिन बोर्डाच्या डी१ ला, आरएक्स (घेणारी) डी२ ला जोडा. वीज ५ व्होल्टच्या पिनवरूनच द्या, ३.३ वर सेन्सरमधल्या पंख्याला ती पुरत नाही. सेन्सर डॉट कम्युनिटी या जागतिक नागरी उपक्रमाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो. बहुतेक जण इथेच अडतात.

सेन्सरमधल्या लेझरचं आयुष्य सुमारे ८,००० तास, म्हणजे सतत चालू ठेवला तर वर्षही भरत नाही. दर अडीच मिनिटांनी अर्धा मिनिटच मोजायला लावा. यंत्र जमिनीपासून दोन-तीन मीटरवर, एल्बोचं तोंड खाली करून टांगा. स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, एसीचं बाहेरचं युनिट, देवघराची खिडकी आणि लोक सिगारेट ओढायला उभे राहतात तो कोपरा टाळा.

दोन यंत्रं घेतली असतील तर आधी आठवडाभर शेजारी-शेजारी ठेवा. एक सतत थोडं जास्त दाखवत असेल तर गुणक काढून आकडा जुळवता येतो. पण आलेखांचे चढउतारच जुळत नसतील, तर एक यंत्र बिघडलेलं आहे.

आता फसवणाऱ्या गोष्टी. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की सेन्सर पाणी शोषून फुगलेले कण आणि धुक्याचे थेंबही मोजतो. त्यामुळे पावसाळ्यातले आकडे सोडूनच द्या, आणि हिवाळ्यातल्या पहाटेची उसळी दिसली की शेजारचा आर्द्रतेचा रकाना बघा. धुक्याचा आलेख हळूहळू चढतो आणि ऊन आलं की उतरतो. धुराचा मात्र दहा मिनिटांत उभा चढतो. दुसरी गोष्ट, बांधकामाची जाडसर धूळ हा छोटा पंखा नीट ओढत नाही. शेजारी खोदकाम चालू असून पीएम १० (१० मायक्रोमीटरपर्यंतचे कण) कमी दिसलं, तर हवा स्वच्छ आहे असं मानू नका. तिथे फोटोच कामाचे. आणि एका क्षणाच्या आकड्याची तुलना ६० शी करू नका. पीएम २.५ साठी (२.५ मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक कण) घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम ही भारतीय मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेची त्याच सरासरीसाठीची पातळी १५ आहे.

यंत्रासोबत एक वही ठेवा. १४ दिवस, रोज उसळीची वेळ, वाऱ्याची दिशा (गच्चीवर बांधलेली रिबन पुरते), वास, आणि डोळ्यांना काय दिसलं ते लिहा. सकाळी साडेसहा ते आठच्या उसळ्या अनेकदा झाडलोटीनंतर पेटवलेल्या पाचोळ्याच्या निघतात, रात्री दहानंतरच्या वॉचमनच्या शेकोटीच्या. प्लॅस्टिकचा उग्र वास असेल तर तो मुद्दाम नोंदवा.

शेकोटीवर ओरडून काही होत नाही, कारण माणूस थंडीने काकडत असतो. दार बंद होणारी केबिन, जाड रग, कानटोपी आणि रात्री चहाचा थर्मास द्या. हा खर्च सोसायटीनेच करायला हवा.

पाचोळ्यासाठी कोंबडी-जाळीचा तीन फूट व्यासाचा, तीन फूट उंच पिंजरा करा. पाचोळ्याचा वीतभर थर टाका, त्यावर शेणकाला किंवा जुनं खत शिंपडा, तुडवा, मग पुढचा थर. मूठभर पानं दाबली की हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. बहुतेक पिंजरे कोरडे पडल्यामुळेच नुसते पडून राहतात. दर पंधरवड्याला खालवर करा, तीन-चार महिन्यांत खत होतं. आंबा-वडाची चिवट पानं आधी चुरडून घ्या.

बाहेरच्या धुरासाठी महापालिकेकडे तक्रार करा. नुसता आलेख पाठवलात तर ‘यंत्र प्रमाणित नाही’ एवढ्यावर ती बंद होऊ शकते. आलेखावरून वेळ हेरा, त्या वेळी तिथे जा, तारीख-वेळ-ठिकाण छापलेला फोटो काढा, आणि तीन वेगवेगळ्या दिवसांचे फोटो एकाच तक्रारीला जोडा. उघड्यावर कचरा जाळण्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली होती. तक्रारीत त्याचा उल्लेख करा.

फरक पडला का ते बघताना मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा आकडा नुसता शेजारी मांडू नका, हवामान दोन्ही बदलून टाकतं. आपलं यंत्र आणि ‘सफर’ या हवा मोजणाऱ्या सरकारी यंत्रणेचं जवळचं केंद्र यांच्या आकड्यांतला फरक त्याच तासांसाठी काढा. तो घटला असेल, तरच गल्लीतला धूर कमी झाला.