‘सई’ या नावाचा माग कसा काढावा

आधी शब्दाची व्युत्पत्ती पाहावी. संस्कृत ‘सखी’चे प्राकृतात ‘सही’ झाले आणि मराठीत ‘सई’, म्हणजे मैत्रीण. जात्यावरच्या ओव्यांतली ‘सये’ ही हाक तीच. मग इतिहास तपासावा: संभाजीराजांच्या मातोश्री सईबाई १६५९ मध्ये निवर्तल्या, तेव्हा हे नाव आजकालचे नव्हे. लोकप्रियता जोखण्यासाठी मुंबईतल्या आपल्या भागाची मतदार यादी घ्यावी, कारण तिच्यात वयही छापलेले असते, आणि वयोगटांनुसार सई मोजाव्यात. मात्र लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिण्याची आपल्याकडची रीत ध्यानात ठेवून, साठीपुढच्या बायकांना माहेरचे नाव आवर्जून विचारावे. ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ते नाव यादीत नसते.