अनात्म समजून घ्यायचाय? आधी विचारा, कुठला 'मी'?

बऱ्याच जणांचं असं होतं की इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस बसून येतात किंवा यूट्यूबवर एखादं लेक्चर ऐकतात आणि "मी असं काही नसतंच" हे बुद्धाच्या अनात्म शिकवणीचं वाक्य घेऊन घरी येतात, मग घरचं कुणीतरी विचारतं "बरं, मग पोळ्या किती लाटू?" आणि सगळं तत्त्वज्ञान तिथेच संपतं. माझंही तसंच झालेलं. खूप नंतर कळलं की गडबड वाक्यात नव्हती, त्यातल्या 'मी' या शब्दात होती.

म्हणून पहिलं काम, वही घ्या आणि आपण 'मी' कशाकशाला म्हणतो ते लिहून काढा. आरशात दिसतो तो देह. आधार कार्डावरचा, ज्याच्या नावाने हप्ते कापले जातात तो माणूस. आत बसून सगळं चालवणारा मालक. आणि बालवाडीपासून आजपर्यंत जराही न बदललेलं काहीतरी. बुद्धाचा निशाणा शेवटच्या दोघांवर आहे. आधार कार्डवाला माणूस कुणीच नाकारत नाही, 'मिलिंदप्रश्न' या जुन्या बौद्ध ग्रंथातला भिक्खू नागसेनसुद्धा मिलिंद राजाला सांगतो की मला लोक नागसेन म्हणतात, फक्त ते नाव आहे, त्या नावामागे वेगळा कुणी सापडत नाही. (चाक, आस हे सुटे भाग म्हणजे रथ नाही, ते जुळले की त्याला रथ हे नाव मिळतं, हे प्रसिद्ध उदाहरण सगळे नागसेनाच्या खात्यावर टाकतात, पण संयुत्त निकाय या पाली सुत्तसंग्रहात वजिरा नावाची भिक्खुणी तेच मार या भुलवणाऱ्या दुष्ट देवतेला ऐकवते. तिला क्रेडिट मिळत नाही.)

इथेच अजून एक चूक टाळा. आपल्याकडे "मीपणा सोड" हे इतकं कानावर पडलेलं असतं की अनात्म म्हणजे तेच असं वाटतं. तसं नाहीये. मीपणा सोडला तरी आत्मा शाबूत ठेवणारी दर्शनं आहेतच की. अनात्म हा स्वभाव सुधारण्याचा सल्ला नंतर, आधी तो 'जगात काय काय आहे' याबद्दलचा दावा आहे.

आता दावा तपासायचा कसा. सारनाथला पाच भिक्खूंना दिलेल्या दुसऱ्या उपदेशात पद्धतच दिलीये. रूप (देह), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाच्या प्रेरणा, सवयी), विज्ञान (जाणीव) हे पाच स्कंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते गट, एकेक करून घ्यायचे आणि बघायचं की यावर माझी मालकी चालते का. पंधरा मिनिटं मांडी घालून बसा, गुडघा दुखायला लागला की त्याला सांगा "दुखू नकोस". बघा ऐकतो का. मग विचारांना सांगून बघा, ते तर गुडघ्यापेक्षा नाठाळ. जे माझ्या हुकमात नाही ते मी कसा, असा हा युक्तिवाद. पण नुसतं पटवून घेऊ नका, भांडा त्याच्याशी. पाचही ठिकाणी मालक सापडला नाही म्हणून मालकच नाही, हे कधी खरं? ती यादी पूर्ण असेल तरच. सहावं काही राहिलं असेल तर? मार्क सिडरिट्स हे आजच्या अॅनालिटिक फिलॉसॉफीच्या भाषेत बौद्ध युक्तिवाद मांडणारे मोठं नाव, ते पण नेमकं याच जागी बोट ठेवतात. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानेही १७३९ मध्ये आत डोकावून असंच शोधलं आणि त्याला सुटेसुटे अनुभवच हाती लागले, त्याला पण हाच प्रश्न विचारता येतो.

यापुढचा व्यायाम माझा सगळ्यात आवडता आणि तो मराठीत करायला जास्त मजा येते. मोळिय फग्गुन नावाचा भिक्खू बुद्धाला विचारतो की वेदना कोण भोगतो, तृष्णा कोण करतो. बुद्ध म्हणतो प्रश्नच बरोबर नाही, कोण असं नको विचारू, कशामुळे ते विचार. तर दिवसभर तेच करायचं. "कोण चिडलं?" नाही, "कशामुळे राग आला?". आता आपली भाषा बघा, आपण 'मी राग केला' असं सहसा म्हणतच नाही, मला राग आला, मला भूक लागली, मला हसू आलं. क्रियापद रागाप्रमाणे, भुकेप्रमाणे, हसण्याप्रमाणे बदलतं, 'मी' कर्त्याच्या खुर्चीतून केव्हाच उठलेला आहे. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला वाटलं मराठी व्याकरण जन्मापासून बौद्ध आहे!

पण थांबा, त्या वाक्यात 'मला' आहे ना अजून. कर्ता गेला, पण ज्याला राग आला तो पत्ता शिल्लक आहे. डेन्मार्कचे तत्त्वज्ञ डॅन झहावी नेमकं हेच म्हणतात, की आतला मालक वगैरे सोडून द्या, तरी प्रत्येक अनुभव कुणालातरी येतोय, त्याला एक 'माझ्यासाठी'पण आहे, आणि एवढाच किमान सेल्फ त्यांना पुरतो. म्हणजे भांडण 'मी'वर नसून 'मला'वर आहे. हे कळलं की या विषयातला अर्धा वाद आपोआप उलगडतो, कोण कुठल्या विभक्तीवर हल्ला करतंय ते बघायचं. बौद्ध बाजूने उत्तर असं येतं की अनुभव स्वतःच स्वतःला उजळतो, दिव्याला बघायला दुसरा दिवा लागत नाही, तसं त्याला वेगळा पत्ता कशाला. मला हे उत्तर सोमवारी पटतं आणि गुरुवारी पटत नाही.

देहाच्या बाबतीत मात्र घरी प्रयोग करता येतो. भांडी घासायचा रबरी हातमोजा घ्या, त्यात चिंध्या भरा, टेबलावर आपल्या हातासारखा ठेवा. स्वतःचा हात पुठ्ठ्याच्या आड लपवा. समोरच्याला दोन ब्रश देऊन खोट्या आणि खऱ्या हातावर एकाच वेळी, एकाच बोटावर फिरवायला सांगा, काही मिनिटं, आणि तुम्ही फक्त मोज्याकडे बघा. बऱ्याच जणांना स्पर्श मोज्यात जाणवायला लागतो, काहींना होत नाही, नाराज होऊ नका. बॉटविनिक आणि कोहेन यांनी १९९८ मध्ये हा प्रयोग छापला तेव्हापासून तो गाजतोय. तत्त्वज्ञ थॉमस मेट्झिंगर असल्या प्रयोगांवरून सांगतात की मेंदू स्वतःचं एक मॉडेल बनवतो आणि ते मॉडेल आहे हे आपल्याला दिसतच नाही, म्हणून आपण त्यालाच मी समजतो. यातून सिद्ध काय होतं ते नीट धरा: 'हा हात माझा' ही जाणीव बनवलेली आहे, एवढंच. सेल्फ नाही हे एका हातमोज्यातून सिद्ध होत नसतं.

काळातल्या 'मी'साठी डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञाचं काल्पनिक मशीन वापरा. पृथ्वीवर तुमचा कणनकण स्कॅन होतो, इथला देह नष्ट, मंगळावर तंतोतंत तसाच माणूस उभा. तो तुम्ही का? पार्फिट १९८४ च्या पुस्तकात म्हणतो की उत्तराला फारसं महत्त्वच नाही, आठवणी-इच्छा-स्वभाव यांची साखळी टिकली की महत्त्वाचं ते टिकलं, आणि बुद्धाने हे मान्य केलं असतं असंही तो लिहितो. नागसेनाचा रात्रभर जळणारा दिवा हाच: पहिल्या प्रहरातली ज्योत शेवटच्या प्रहरात तीच का? तीही नाही, दुसरीही नाही.

आणि बौद्धांचं यावर एकमत होतं असं समजू नका. नाशिकच्या पांडवलेण्यातलं तीन नंबरचं लेणं सातवाहन राणी गौतमी बलश्रीने भद्रयानीय पंथाच्या भिक्खूंना दान दिल्याचा शिलालेख तिथे आहे, आणि हा पंथ म्हणजे वात्सीपुत्रीय या जुन्या बौद्ध पंथाची शाखा. त्यांचं म्हणणं, पुद्गल म्हणजे व्यक्ती आहे, स्कंधांहून वेगळी नाही आणि तीच पण नाही, जसा अग्नी आणि इंधन. बौद्ध आचार्य वसुबंधूने आपल्या 'अभिधर्मकोश' ग्रंथाचं शेवटचं प्रकरण यांना खोडण्यात घालवलंय. पुढच्या वेळी लेणी बघायला जाल तेव्हा नुसते फोटो काढून येऊ नका.

एक सूचना मात्र सिरियसली घ्या. हे करताना आपण खरे नाही, जग काचेपलीकडचं आहे असं वाटून घाबरायला झालं तर ती प्रज्ञा वगैरे नाही, थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि सगळं समजलं की मरणाची भीती जाईल ही आशा ठेवून बसला असाल तर २०१८ चा एक अभ्यास वाचा. निकोल्स, गारफील्ड वगैरे मंडळींनी तिबेटी भिक्षू, सामान्य तिबेटी आणि भूतानी बौद्ध, हिंदू आणि पाश्चात्त्य लोक यांना प्रश्न विचारले. सेल्फ टिकत नाही हे सगळ्यात ठामपणे भिक्षूंनीच सांगितलं, आणि मृत्यूची भीती सगळ्यात जास्त निघाली ती पण त्यांचीच. संशोधक स्वतःच चक्रावले, त्यांचा अंदाज बरोब्बर उलटा होता. मला यात भिक्षूंची फजिती दिसत नाही, मला वहीतला 'मी' दिसतो: डोक्याने एक नाकारला, भीती दुसऱ्यालाच वाटत राहिली.

पुढे वाचायचं तर तत्त्वज्ञ इव्हान थॉम्पसन घ्या, ते म्हणतात सेल्फ भ्रम नाही, ती प्रक्रिया आहे, नाच जसा नाचण्यातच असतो तसा. आधी वहीतलं ते पान उघडून बघा, की हा तुमच्या यादीतला कितवा 'मी'. माझ्या यादीत तो नव्हताच, पाचवा लिहावा लागला.