हयात वाग्गेयकाराच्या कामाची नोंद कशी करावी

पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात ज्या नाशिकमध्ये रामनाम आधाराश्रम उभारला आणि जिथे १९२१ साली त्यांचे पुत्र द. वि. पलुसकर यांचा जन्म झाला, त्याच नाशिकमध्ये आजही नव्या बंदिशी रचणारे गुरुजन शिकवण्यांच्या गडबडीत आपले काम करत आहेत. पाडवा पहाटेला त्यांची एखादी रचना गायली जाते, दादही मिळते; ती कोणाची, हे मात्र अनेकदा निवेदक सांगत नाहीत. अशा एखाद्या वाग्गेयकाराची, म्हणजे बंदिशीचे शब्द आणि चाल दोन्ही रचणाऱ्याची, नोंद करायची असेल, तर पुरस्कारांच्या यादीपासून सुरुवात करू नये. ती यादी कोणीही देईल. रचना मात्र त्यांच्याच कंठात आहेत.

पहिल्या एक-दोन भेटींत काहीही लिहून न घेता केवळ ध्वनिमुद्रण करावे. त्यासाठी साधा मोबाइल पुरतो. तो एअरप्लेन मोडवर टाकावा, पंखा बंद करावा आणि सुरुवातीला तारीख, राग, ताल व ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असा आधारस्वर (हार्मोनियमची पट्टी) आवाजात नोंदवून घ्यावा. तंबोरा अगदी माइकजवळ ठेवू नये, नाहीतर बंदिशीतले शब्द त्यात बुडतात. बंदिश प्रथम तबल्याच्या ठेक्यासह, मग ठेक्याविना संथ लयीत आणि शेवटी नुसते शब्द, अशी तीनदा घ्यावी. ठेक्याविना गाताना ज्या जागा उघड्या होतात, त्या तबल्याच्या भरात ऐकू येत नाहीत.

स्वरलेखन घरी, निवांतपणे करावे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली आणि तार स्वरावर टिंब, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली आणि खालीला (टाळी न देता हात उघडा दाखवतात त्या मात्रेला) शून्य अशा खुणा असतात. ती शिकायला फार दिवस लागत नाहीत. पण कागदावर मात्रा कुठून मोजायला सुरुवात करायची, हे ठरवताना चूक होते आणि ती माझ्याकडूनही झाली होती. पंचवटीतील एका ज्येष्ठ गुरुजींची तीनतालातील मध्यलयीची बंदिश नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून उठत होती. मी मुखड्याचे, म्हणजे बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याचे, पहिले अक्षर सरळ समेच्या घरात बसवले आणि सोळा मात्रांची सगळी ओळ आठ मात्रांनी सरकली. गुरुजींनी कागद पाहिला, काही न बोलता मांडीवर ठेका धरला आणि म्हणाले, “हे तुम्ही लिहिलंय ना, आता गा बघू.” मी गायलो. समेवर त्यांचा हात हवेतच थांबला. तेव्हापासून मी आधी सम शोधतो, तिथले अक्षर खुणावतो आणि मगच मागे मोजत मुखड्यापर्यंत येतो.

स्वरलिपीत न मावणारे बरेच काही असते. मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) किती संथ, आंदोलन (स्वराचा संथ झोका) कोणत्या स्वरावर, ठरावीक स्वर किती वेळ टेकायचा, हे ओळीच्या खाली मराठीतच लिहावे. वाग्गेयकाराने एकच ओळ दोन वेळा दोन प्रकारे गायली, तर ‘बरोबर’ कोणती हे विचारून दुसरी खोडून टाकू नये. दोन्ही लिहाव्यात आणि त्यांना कोणती अधिक आवडते तेवढे विचारावे.

शब्द कोणाचे आणि चाल कोणाची, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत, कारण जुन्या पदाला नवी चाल दिलेली असू शकते. मुद्रेचे, म्हणजे रचनाकार बंदिशीत गुंफतो त्या टोपणनावाचेही तसेच आहे. जगन्नाथबुवा पुरोहितांची ‘गुणिदास’, रामाश्रय झांची ‘रामरंग’, दिनकर कायकिणींची ‘दिनरंग’ या मुद्रा सर्वांना ठाऊक आहेत, परंतु समोरच्या व्यक्तीने आपली मुद्रा कधी घेतली आणि त्याआधीच्या रचना कोणत्या, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मुद्रा नसलेल्या बंदिशी याच प्रश्नामुळे हाती लागतात.

जुन्या वह्यांवर कधी शकाचे वर्ष असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात; म्हणजे शके १९०५ च्या माघात रचलेली बंदिश १९८४ ची. वहीचे छायाचित्र घ्यावे, वही घरी नेऊ नये.

परवानगी मात्र लेखी घ्यावी. भारतात शब्द आणि संगीत या दोन वेगळ्या कृती मानल्या जातात आणि त्यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे राहतो. त्यामुळे ऐकवणे, छापणे आणि शिकवणे यांपैकी कशाला होकार आहे, ते वेगवेगळे लिहून घ्यावे. घरातील एका जाणत्या व्यक्तीलाही त्या वेळी बोलावावे. स्वच्छ प्रत तयार झाली की ती प्रथम वाग्गेयकाराला गाऊन दाखवावी, आणि त्या बैठकीला शाईऐवजी पेन्सिल न्यावी.